होडीवरचा शिक्का

हैबतरावांना अलीकडे दुपारी जे स्वप्न पडायचं, त्यात विधानसभेतून ओढा वाहायचा.

म्हणजे बाकं तीच, अध्यक्षांचं उंच आसन तेच, डोक्यावरचे पंखे तेच. फक्त मधल्या मोकळ्या जागेतून, जिथं लिहून घेणारे मान खाली घालून बसतात, तिथून गुडघाभर पाणी खळखळत चाललेलं. कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. मंत्री धोतर वर खोचून अलीकडून पलीकडे जायचे. हैबतराव प्रश्न विचारायला उभे राहायचे, "अध्यक्ष महोदय" म्हणायचे आणि बघतात तो समोरच्या बाकांवर अख्खी उंबरवाडी बसलेली. म्हातारा केरू, त्याची सून जानी, पोरं कडेवर घेतलेल्या बायका. सगळे हैबतरावांकडे बघून हसायचे. वाईट नव्हे हो ते हसू. लग्नात नवरदेवाची थट्टा करताना बायका हसतात ना, तसलं. पण हैबतराव घामाघूम होऊन जागे व्हायचे आणि आरामखुर्चीचे हात धरून बसून राहायचे.

"पुन्हा तेच?" आतून विमलबाई विचारायच्या. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला खुर्चीच्या करकरण्यावरून नवऱ्याची झोप कळते.

"तेच."

"हसतच होते?"

"हसतच होते."

"मग एकदा जाऊन विचारून या की, का हसता म्हणून. भरदिवसा घाम गाळत बसण्यापेक्षा ते बरं."

विमलबाईंना बोलायला काय जातंय! उंबरवाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथ हैबतरावांनी घेतली होती, आणि अठरा वर्षं पाळली होती. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी ही माणसं.

हैबतराव कोण, हे पेणपासून रोह्यापर्यंत कुणाला सांगावं लागत नाही. पण तुम्ही लांबचे असाल, तर सांगतो. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा. बासष्ट साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, होडी ह्या चिन्हावर निवडणुकीला उभा राहिला आणि आला की निवडून! एसटीत त्याला मळमळायचं, म्हणून धरमतरहून लाँचमध्ये बसून मुंबईला गेला. पहिल्या दिवशी सभागृहाच्या दारात चपला काढून अनवाणी आत शिरला. शिपाई चपला हातात घेऊन मागे धावला, सगळं सभागृह हसलं. हा शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे चार माणसं बसून निवाडा करतात, त्या जागी चपला नेत नाहीत." दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आलं, आणि हैबतरावांचं नाव झालं.

मग माणूस जो बसला तो उठलाच नाही. सदुसष्ट, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी. कुणाच्या गावाला रस्ता, कुणाच्या वाडीला शाळा, हमरापूरच्या मूर्तिकारांना विजेची लाइन, रोह्याच्या कंपनीत गावातल्या पोरांना शिफ्ट. सगळं त्यांनीच केलं असं नाही, पण लोकांना वाटायचं त्यांनीच केलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं. माणसाला हार घालत राहिलं की मान आपोआप पुढे येते.

नव्वद सालच्या आधी त्यांनी पक्ष बदलला. होडीवाला पक्ष म्हणजे तोवर चार म्हातारे आणि एक कुलूप हरवलेलं कपाट एवढाच उरला होता. हैबतराव मोठ्या पक्षात गेले, चिन्ह मिळालं छत्री. होडी गेली दिनानाथकडे. हा दिनानाथ म्हणजे भाषणाला उभा राहिला की आधी स्वतःच टाळी वाजवणारा गृहस्थ. त्याला कोण विचारतंय, असं सगळेच म्हणत होते.

हैबतराव एकेचाळीस मतांनी पडले.

त्या दिवशी मोरू मतमोजणीच्या मांडवातून आला तो चेहरा पाडूनच. मोरू म्हणजे त्यांचा पहिल्या निवडणुकीपासूनचा कार्यकर्ता, जीपही तोच चालवायचा. "साहेब," तो म्हणाला, "उंबरवाडीची पेटी. एकशे अठरा मतं. सगळी होडीला. छत्रीला एकसुद्धा नाही. एकसुद्धा नाही हो."

उंबरवाडी! डोंगराच्या कुशीतली कातकऱ्यांची चाळीस घरं. अलीकडे कोंडगाव, मधे ओढा, पलीकडे वाडी. तिथं शाळा कुणी दिली? हैबतरावांनी. विहीर? हैबतरावांनी. साकव, म्हणजे ओढ्यावरचा पायपूल, मंजूर कुणी करून घेतला? त्यांनीच, मंत्रालयातल्या सतरा टेबलांपुढे उभं राहून. आणि मतदानाच्या आठ दिवस आधी ते स्वतः ओढा उतरून वाडीत गेले होते, छत्रीचं चित्र दाखवून म्हणाले होते, "आता हिच्यावर शिक्का मारा." तेव्हा सगळी वाडी हसली होती. तेच हसू. केरू म्हाताऱ्यानं तर डोळासुद्धा मिचकावला होता. हैबतरावांना वाटलं, केवढं हे प्रेम! आणि प्रत्यक्षात हे!

"खाल्ल्या घरचे वासे मोजले," ते म्हणाले. आणि शपथ घेतली.

पंच्याण्णवला ते पुन्हा निवडून आले, नव्व्याण्णवलाही आले. एकंदर आठ वेळा. त्यातलंच शहाण्णव साल. उंबरवाडीच्या साकवाची फाइल सहा वर्षं कुठं कुठं फिरून एका सकाळी त्यांच्या टेबलावर आली, शेवटच्या सहीसाठी. हैबतरावांनी पेन उघडलं. उंबरवाडी ह्या शब्दावर एक रेघ मारली, वर कोंडगाव लिहिलं आणि खाली सही केली. बस. चहा निवायच्या आत काम झालं. कोंडगावाला पक्का रस्ता होता, पूल होता, साकवाची गरज नव्हती. तो झाला गावामागच्या नाल्यावर, त्यांच्या बैलांना मात्र सोय झाली. कुणी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. विमलबाईंनासुद्धा नाही. ज्या बाईला रोजच्या वरणात मीठ कमी की जास्त हेसुद्धा ते सांगायचे, तिला हे एवढं सांगितलं नाही.

आता वय अठ्ठ्याहत्तर. राजकारण सुटलं. साखर वाढली, दृष्टी उतरली, आणि दुपारच्या झोपेत तो ओढा वाहायला लागला. हैबतरावांना दुसरं काही नको होतं. सत्कार नको, पुतळा तर नकोच. फक्त एवढं कळायला हवं होतं, की ज्यांच्यावर आपण जीव टाकला ती माणसं आपल्यावर उलटली का. ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मरण आलं तर तेही ह्या खुर्चीत करकरतच येईल, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

आश्विनातल्या एका दुपारी ते उठले आणि म्हणाले, "मोरू, जीप काढ."

"कुठं साहेब?"

"उंबरवाडी."

मोरूनं विमलबाईंकडे बघितलं. विमलबाईंनी पाण्याची बाटली आणि शाल जीपमध्ये ठेवली.

वडखळ मागे पडलं, नागोठणं मागे पडलं. दोन्ही बाजूला भात निसवून उभं होतं, वाऱ्यानं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळूहळू कलत होतं. हैबतरावांचा डोळा लागत होता आणि उघडत होता. प्रत्येक वळणावर त्यांना एकेक साल उभं दिसत होतं. ह्या वडाखाली बहात्तरची सभा. दुष्काळाचं साल, लोकांनी हार म्हणून सुकलेली पानं गळ्यात घातली होती. त्या देवळापाशी अठ्ठ्याहत्तरला पाऊस आला, तरी माणसं हलली नव्हती. ह्या पुलावर एक बाई मधोमध उभी राहून जीप अडवून म्हणाली होती, माझ्या पोराला कंपनीत लावा, नाहीतर माझ्या अंगावरून जा. लावलं होतं की पोराला! आता तो रिटायर झाला असेल. मधेच ते जागे होऊन विचारायचे, "मोरू, सभेला उशीर नाही ना झाला?" आणि मोरू म्हणायचा, "नाही साहेब, वेळ आहे अजून." मोरूला सवय होती. साहेब हल्ली काळाच्या आतबाहेर करायचे, उंबरा नसलेल्या घरात करावं तसं.

ओढ्याकाठी जीप थांबली. पावसाळा सरला होता तरी ओढ्याला मांडीभर पाणी होतं. मोरूचे गुडघे गेलेले, तो उतरणार नव्हता. त्यानं हॉर्न वाजवला. पलीकडून एक चाळिशी ओलांडलेला माणूस पाण्यात उतरून आला. काळासावळा, काटक, कमरेला पंचा.

"कोन हाय?"

"आमदारसाहेब आलेत," मोरू म्हणाला. आमदारकी सुटून चार वर्षं झाली होती, पण मोरूच्या तोंडून दुसरं काही निघायचं नाही.

माणसानं हैबतरावांकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मी दामू. जानीचा."

"जानीचा पोर तू? एवढासा होतास रे!"

"व्हय," दामू म्हणाला, आणि पाठ करून वाकला.

हैबतराव त्याच्या पाठुंगळीला बसले. आजवर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं, गुलाल उधळला होता, पण असं लहान पोरासारखं कुणी घेतलं नव्हतं. दामूच्या मानेला लाकडाच्या धुराचा वास येत होता. खाली पाणी चाललं होतं, त्यात ढग होते, ढगांतून दामूचे पाय पुढे जात होते. हैबतरावांना क्षणभर कळेना, आपण कुठल्या सालात आहोत.

"जड झालो का रे?"

"नाय सायेब. भाऱ्याचं ओझं ह्याच्यापरास जास्त आसतंय."

वाडीत बातमी आधीच पोचली होती. जानी दारात उभी होती. पासष्टीची, केस पांढरे, पण दात सगळे जाग्यावर. तिनं हैबतरावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. "आलाव? मी म्हनलंच व्हतं का नाय? सायेब येतील, मरायच्या आदी येतील. माझ्या मरायच्या म्हनते, तुमच्या नाय!" आणि स्वतःच्याच बोलण्याला खळखळून हसली.

तिनं गोधडी अंथरली, पाणी दिलं, वालाच्या शेंगा अजून दोन-तीन महिने लांब आहेत म्हणून हळहळली. बायका दाराशी जमल्या. दामू बाहेर कुडाला टेकून उभा राहिला. इकडचं तिकडचं झालं. हैबतराव दोनदा पाणी प्यायले. विधानसभेत मुख्यमंत्र्यांना धारेवर धरताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती, आणि इथं पहिला शब्द निघेना. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि विचारून टाकलं.

"जानी, नव्वद साली मी आलो होतो. छत्रीवर शिक्का मारा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही सगळी हसलात. का गो हसलात?"

जानी पुन्हा हसली. तेच हसू, अगदी तेच!

"आवो, हसू नाय तर काय करू? तुमी आमची परीक्षा घ्यायला आल्याला ना!"

"परीक्षा?"

"मंग! बासट साली तुमीच नाय का सांगितलं? हितंच, ह्याच जाग्यावर बसून. मी नवी नवरी व्हते, चुलीमागून आयकत व्हते. तुमी कोलसा घेतला न् सारवल्या जमिनीवर होडी काडली. म्हनलं, ही आपली. दुसरी मानसं येतील, म्हनतील हैबतरावाचं चित्र बदाललं, आता दुसऱ्या चित्रावर मारा. आयकायचं नाय. मी सोता येऊन सांगितलं तरी आयकायचं नाय! समजायचं, सायेबाला कुनी दमात घेतलाय, नायतर सायेब आपली परीक्षा बघतोय. मंग माझ्या सासऱ्यानं ओंजलीत पानी घेतलं न् साऱ्या वाडीचा सबूद दिला. तुमी पन पानी घेतलं. इसरलाव?"

हैबतराव विसरले होते. साफ विसरले होते. आणि आता एकदम सगळं समोर उभं राहिलं: चुलीचा धूर, पेंढ्याच्या छपरातून आत पडलेले उन्हाचे तुकडे, केरूच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं ते. शिक्का मारायचं तेव्हा नवीनच होतं. विरोधकांची माणसं शेजारच्या गावात जाऊन सांगून आली होती, हैबतरावाचं चित्र बदललं, आणि अख्ख्या गावाची मतं भलतीकडे गेली होती. म्हणून हैबतराव तरण्याबांड रागानं वाडी-वाडीत हे सांगत हिंडले होते. मी स्वतः आलो तरी ऐकू नका. बाकी सगळ्या गावांनी ते वाक्य निवडणूक झाल्याबरोबर टाकून दिलं. आमदारानं सांगितलेलं कोण इतकं जपून ठेवतो? उंबरवाडीनं ठेवलं. अठ्ठावीस वर्षं ठेवलं, आणि वेळ आली तेव्हा वापरलं.

"तुमी छत्रीचं बोललाव न् सासऱ्यानं डोला मारला तुमाला, बगितलाव ना?" जानी सांगत होती. "म्हनला, बगा, सायेब कसं गंमत करतंय. आमाला काय खुलं समजलाव? नंतर लोकं म्हनायला लागली, सायेब पडला. आमी मानलंच नाय. आमच्या साऱ्यांची मतं होडीला, मंग सायेब पडंल कसा? कायतरी लबाडी झाली आसल वर. सासरा मरताना म्हनला, कुनी कायबी सांगू दे, होडी सोडू नका. आजून नाय सोडली. आता तं शिक्काबी नाय ऱ्हायला, बटान दाबायचं. होडीसमोरचं दाबतो."

आणि मग तिनं हैबतरावांचा हात दाबला, शाळेतल्या पोरीसारखी पुढे वाकली आणि विचारलं, "सायेब, खरं सांगा. बरूबर केलं ना आमी?"

अठरा वर्षं ज्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती एकशे अठरा माणसं त्यांच्याच शब्दाला चिकटून बसली होती. अख्ख्या तालुक्यात त्यांचा शब्द पाळणारी हीच एवढी निघाली, आणि त्यांनीच त्यांना पाडलं. हसावं की रडावं! हैबतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "शंभर टक्के बरोबर केलंत."

"आयकलं का गो!" जानी दाराकडे वळून ओरडली. "सायेब म्हनतात बरूबर केलं!" बायकांमध्ये हसू पसरलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हैबतरावांना वाटलं, इथंच आडवं व्हावं, ह्या गोधडीवर, आणि पुन्हा उठूच नये. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"येक तेवडं साकवाचं ऱ्हायलं बगा," जानी म्हणाली.

हैबतरावांनी तिच्या हातातला आपला हात सोडवून घेतला.

"तुमी मंजूर केल्याला. मानसं येऊन टेप लावून गेल्याली. मंग कुनी पलवला देव जाने. दिनानाथाच्या मानसांनी आसल. तुमी तं व्हताव मुंबईला, पन येकलं मानूस काय करनार, भवताली सारं लांडगं. मी वाडीला सांगते, सायेबाला कलू दिला नसंल, कलला आसता तं सोडला नसता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सत्त्यान्नवच्या सरावनात आमच्या पारीला ताप भरला. ह्या दामूची बायको. ओढा दोन दिस उतरू देईना. झोलीत घालून काठावर नेली, परत आनली, परत नेली. मी तिला म्हनत व्हते, दम धर गो, सायेब साकव बांदनार हायत. तिसऱ्या दिशी पानी उतरलं. तवर नाय ऱ्हायली ती. तिचं नशीब, दुसरं काय!"

बाहेर कुडाला टेकलेल्या दामूनं पाय बदलला. कुठंतरी कोंबडी पिलांना बोलावत होती.

हैबतरावांनी तोंड उघडलं. मी. एवढाच शब्द हवा होता. त्याच्यापुढचे आपोआप आले असते. पण जानी त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात तसूभरही संशय नव्हता. सगळी वाडी बघत होती. हैबतरावांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "उशीर झाला. निघायला हवं."

जानी ओढ्यापर्यंत पोचवायला आली. दामू पुन्हा वाकला, हैबतराव पुन्हा त्याच्या पाठीवर बसले. ऊन उतरलं होतं आणि पाणी पिवळं दिसत होतं. पलीकडच्या काठावर जीप, जीपला टेकून मोरू. सगळं लांब, धूसर, कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीतल्यासारखं. हैबतरावांना वाटलं, आता डोळे मिटावेत. पलीकडे पोचलं की जीप, जीपमध्ये शाल, घरी विमलबाईंचा चहा. उत्तर मिळालं आहे. माणसं उलटली नव्हती. आता सुखानं झोप लागेल. गप्प राहिलं तर बिघडतं कुठं?

ओढ्याच्या मध्यावर पोचल्यावर ते बोलले. अगदी दामूच्या कानाशी.

"दामू, तो साकव दिनानाथानं नाही पळवला. मी पळवला. मीच. तुम्ही मला मतं दिली नाहीत ह्या रागानं."

दामू थांबला.

पाणी त्याच्या मांड्यांवरून फुटून दोन्ही बाजूंनी जात होतं. हैबतरावांना त्याच्या पाठीचा श्वास आपल्या पोटाशी लागत होता. आता हा हात सोडेल, त्यांना वाटलं. सोडू दे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं हे ओझं ह्यानं का वाहायचं?

"ठाव हाय मला," दामू म्हणाला.

"काय?"

"कोंडगावच्या साकवावर मीच व्हतो. त्या उनाल्यात. गोविंदा ठेकेदाराकडं सिमेट कालवायला. त्याच्याकडं कागद व्हता. उंबरवाडीवर रेग मारल्याली, वर कोंडगाव, खाली तुमची सई. तेवडं वाचाया येतंय मला. चौथी शिकलो, तुमीच दिल्याल्या शालेत." तो थोडा थांबला. "वैशाकात साकव झाला. सरावनात पारी गेली."

हैबतरावांनी विचारलं, "आईला सांगितलं नाहीस?"

"नाय."

"अकरा वर्षं?"

"सांगून काय करू? आये तुमच्या नावावर जगतीया."

"मग मला पाठीवर का घेतलंस रे? दोनदा? दोनदा का घेतलंस?"

दामूनं हैबतरावांना जरा वर उचलून नीट बसवलं, पाय घसरू नये म्हणून दगड चाचपला आणि मान न वळवता म्हणाला, "सायेब, ती आजून मागं काठावर उभी आसंल. तुमी वलून बगितल्याबिगर जायाची नाय ती. हात हलवा तिला."

हैबतरावांनी मान वळवली. जानी खरंच उभी होती, पाण्याच्या अगदी कडेला, पाय भिजवून. सदतीस वर्षं हजारो माणसांपुढे त्यांनी हात हलवला होता, आणि तो कधी इतका जड झाला नव्हता. त्यांनी दामूच्या खांद्यावरचा एक हात सोडला आणि वर केला. काठावरून जानीनं दोन्ही हात हलवले, आणि दामू पुढे चालू लागला.